विश्लेषण : रॅम महागली, गेमर्सचे गणित बिघडले! घरचा गेमिंग पीसी आता अपग्रेड करावा की थांबावे?

दसरा-दिवाळीला घेऊ, नाहीतर वर्षअखेरच्या सेलमध्ये घेऊ, असे म्हणत गेमिंग पीसीचे अपग्रेड पुढे ढकलणाऱ्यांना २०२५ च्या अखेरीस चांगलाच धक्का बसला. संगणकाचे सुटे भाग जुने होतात तसे स्वस्त होतात, हा नेहमीचा अनुभव. या वेळी उलटे घडले. ३२ जीबी डीडीआर५ रॅमच्या अनेक किटची किंमत काही महिन्यांतच दुप्पट-तिप्पट झाली. जपानमध्ये टोकियोच्या अकिहाबारा बाजारातील काही दुकानांनी तर एका ग्राहकाला किती रॅम द्यायची यावर मर्यादा घातली.

असेम्बल्ड पीसीच्या खर्चात रॅम हा आजवर किरकोळ भाग मानला जात असे. ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर ठरला की उरलेल्या पैशांत रॅम बसवली जायची. आता तीच रॅम सगळे बजेट कोलमडून टाकत आहे. त्यातच विंडोज १० चा आधार संपला, रुपया घसरला आणि नव्या गेम्सच्या अटीही वाढल्या. अशा वेळी पैसे नेमके कुठे घालावेत, कुठे थांबावे आणि मित्राच्या सेटअपशी आपल्या सेटअपची तुलना करताना काय पाहावे, याचा हा आढावा.

रॅम एकाएकी इतकी महाग का झाली?

जगातील बहुतांश डीरॅम चिप्स सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. पेटीवर नाव कोणत्याही ब्रँडचे असले तरी आतली चिप बहुधा या तिघांपैकी एकीची असते. २०२२-२३ मध्ये मागणी घटल्याने या कंपन्यांना मोठा तोटा झाला आणि तिघींनीही उत्पादनात कपात केली. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेची, म्हणजेच एआयची लाट आली. एआयच्या डेटा सेंटरमधील चिप्सना ‘एचबीएम’ प्रकारची अतिवेगवान मेमरी लागते. मायक्रॉनच्याच सांगण्यानुसार, तितक्याच क्षमतेची डीडीआर५ बनवायला जितके वेफर लागतात, त्याच्या सुमारे तिप्पट वेफर एचबीएमसाठी खर्च होतात. वेफर म्हणजे ज्या सिलिकॉनच्या चकतीवर चिप्स घडवल्या जातात ती चकती. साहजिकच, एक जीबी एचबीएम बनली की घरगुती रॅमची सुमारे तीन जीबी बाजारात येता येता राहते.

१ ऑक्टोबर २०२५ रोजी ओपनएआयने आपल्या ‘स्टारगेट’ प्रकल्पासाठी सॅमसंग आणि एसके हायनिक्स यांच्याशी इरादापत्रे केल्याचे जाहीर केले. त्यात महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचे लक्ष्य सांगण्यात आले. हा आकडा प्रत्यक्षात येईल का, हा वेगळा प्रश्न. पण मोठे खरेदीदार पुढच्या काही वर्षांचा माल आधीच बांधून घेत आहेत, हा संदेश बाजाराला मिळाला. डेटा सेंटरवाले जास्त भाव देतात आणि एकगठ्ठा माल उचलतात. दोन-दोन पट्ट्या घेणारा घरगुती ग्राहक त्यांच्यापुढे रांगेत मागे पडला.

जुन्या डीडीआर४ चीही सुटका नाही. कंपन्या तिचे उत्पादन टप्प्याटप्प्याने आटोपते घेत असल्याने तिचे दर २०२५ च्या मध्यापासूनच वाढू लागले होते. ग्राफिक्स कार्डावरील मेमरीही हेच तीन उत्पादक बनवतात. त्यामुळे रॅमची झळ तिथेही पोहोचते. एसएसडीमधील चिप्सनाही एआयची मागणी आहेच.

मायक्रॉनने ‘क्रुशल’ का गुंडाळले?

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रुशल’ या ग्राहकोपयोगी ब्रँडचा व्यवसाय थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत पुरवठा सुरू राहील आणि विकलेल्या मालावरील वॉरंटी कायम राहील, असे कंपनीने सांगितले. क्रुशल हा जवळपास तीन दशके जुना ब्रँड. चमचमते दिवे नाहीत, दिखावा नाही, पण भरवशाची रॅम आणि एसएसडी, अशी त्याची ओळख. चिप बनवणाऱ्या कंपनीनेच थेट ग्राहकाला विकणे थांबवावे, याचा अर्थ सरळ आहे. तीच चिप एआय क्षेत्राला विकण्यात जास्त पैसा आहे.

मायक्रॉनचा प्रकल्प गुजरातमधील साणंद येथे आहे, मग भारतात रॅम स्वस्त का होणार नाही, असा प्रश्न साहजिक आहे. मात्र साणंदचा प्रकल्प चिप्सची जुळवणी, चाचणी आणि पॅकेजिंग करणारा आहे. वेफरवर चिप घडवण्याचे मूळ काम परदेशातील कारखान्यांतच होते. तुटवडा आहे तो याच टप्प्यावर.

भारतीय ग्राहकाला जादा फटका का?

सुटे भाग आयात होतात आणि त्यांचे व्यवहार डॉलरमध्ये होतात. डिसेंबर २०२५ मध्ये रुपयाने डॉलरमागे ९० ची पातळी ओलांडली. म्हणजे अमेरिकेत किंमत तीच राहिली तरी इथे ती वाढतेच. त्यावर १८ टक्के जीएसटी. दहा हजारांच्या मूळ किमतीवर १,८०० रुपये कर बसत असेल, तर मूळ किंमत वीस हजार झाल्यावर कर ३,६०० होतो. दरवाढीबरोबर कराची रक्कमही दुप्पट होते.

दिलासा मिळाला तो एकाच ठिकाणी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या जीएसटी फेररचनेत ३२ इंचांहून मोठ्या मॉनिटरवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पण बहुतांश गेमर २४ ते २७ इंचांचे मॉनिटर वापरतात आणि त्यांवर आधीपासूनच १८ टक्के कर होता.

विंडोज १० गेले म्हणजे नवा पीसी घ्यावाच लागेल का?

विंडोज १० ला मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा, सिक्युअर बूटची सोय आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा एएमडी रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. ‘तुमचा संगणक पात्र नाही’ असा संदेश दिसताच अनेक जण नवा पीसी शोधू लागतात. प्रत्यक्षात २०१८ नंतरच्या अनेक संगणकांत टीपीएम असते, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेले असते. इंटेलच्या बोर्डवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या बोर्डवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडते. ते सुरू केले की काम भागते आणि खर्च शून्य.

गेमर्ससाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. ‘व्हॅलोरंट’ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटशिवाय चालत नाही. ‘बॅटलफील्ड ६’ सिक्युअर बूट मागतो, ‘कॉल ऑफ ड्यूटी : ब्लॅक ऑप्स ७’ दोन्ही मागतो. चीटिंग रोखण्यासाठी या अटी आहेत. ज्यांचा संगणक खरोखरच जुना आहे, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळवण्याची सोय ठेवली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज जोडून ठेवल्यास ती मोफत मिळू शकते. रॅमचे दर चढे असताना हा वेळ मोलाचा आहे.

‘माझ्याकडे इतके एफपीएस’ : तुलना कुठे फसते?

मित्राचा पीसी २०० एफपीएस देतो आणि आपला ९०, म्हणजे आपला पीसी वाईट, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. पण गेम कोणता, रिझोल्यूशन किती, ग्राफिक्सची पातळी कोणती आणि फ्रेम जनरेशन सुरू आहे की बंद, हे सारखे नसेल तर तुलनेला अर्थ नाही. फ्रेम जनरेशनमध्ये ग्राफिक्स कार्ड दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये स्वतः बनवलेली चित्रे घालते. आकडा वाढतो, हालचाल गुळगुळीत दिसते; पण माउस हलवल्यानंतरचा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही. नेमबाजीच्या स्पर्धात्मक खेळात हाच फरक जाणवतो.

दुसरी गोष्ट रिझोल्यूशनची. १०८० पी म्हणजे पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल, १४४० पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८२.९ लाख. म्हणजे ४के मॉनिटरवर ग्राफिक्स कार्डाला १०८० पीच्या चौपट पिक्सेल रंगवावे लागतात. ‘स्टीम’च्या मासिक हार्डवेअर सर्वेक्षणात १०८० पी हेच सर्वाधिक वापरले जाणारे रिझोल्यूशन ठरत आले आहे. ४के मॉनिटरवरचे आकडे पाहून स्वतःच्या १०८० पीच्या पीसीबद्दल हळहळण्यात किंवा त्यासाठी महागडे कार्ड घेण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट सरासरीची. बेंचमार्कमधील सरासरी एफपीएसपेक्षा ‘वन पर्सेंट लो’ हा आकडा खेळताना जास्त महत्त्वाचा ठरतो. सर्वांत संथ एक टक्का फ्रेम्स कशा होत्या, हे तो सांगतो. सरासरी १२० असूनही मधूनच गेम अडखळत असेल, तर त्याचे कारण इथे सापडते. शिवाय ग्राफिक्स कार्डांच्या चाचण्या बहुधा बाजारातील सर्वांत वेगवान प्रोसेसर लावून केल्या जातात. पाच वर्षांपूर्वीच्या प्रोसेसरवर तेच कार्ड तितके एफपीएस देईलच असे नाही.

अडथळा नेमका कुठे आहे, हे कसे ओळखायचे?

गाडीचे इंजिन बदलूनही चाके घासत असतील तर वेग वाढत नाही. पीसीचेही तसेच. अडथळा शोधण्याची पद्धत सोपी आहे. नेहमीचा गेम सुरू करून ग्राफिक्स कार्डाचा वापर किती टक्के दिसतो ते पाहावे. तो सतत ९५ ते ९९ टक्के असेल तर मर्यादा ग्राफिक्स कार्डाची आहे. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर कोणतीही मर्यादा लावलेली नसेल, तर प्रोसेसरकडे बोट जाते. खात्री करायची असेल तर त्याच जागी रिझोल्यूशन कमी करून पाहावे. एफपीएस झटकन वाढले तर कार्ड कमी पडत होते. जवळपास तेवढेच राहिले तर प्रोसेसर.

रॅमचा अंदाज टास्क मॅनेजरमध्ये येतो. गेमसोबत ब्राउझर आणि डिस्कॉर्ड सुरू असताना वापर ९० टक्क्यांपुढे जात असेल आणि गेम अडखळत असेल, तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे. १६ जीबीपैकी ११-१२ जीबीच वापरली जात असेल, तर सध्याच्या भावात ३२ जीबीचा आग्रह केवळ मित्राच्या यादीत तो आकडा आहे म्हणून धरण्याचे कारण नाही.

८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आता पुरेसे आहे का?

कार्डावरील मेमरी, म्हणजे व्हीआरएएम, नंतर वाढवता येत नाही. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० मे २०२५ मध्ये २९९ डॉलरला ८ जीबीसह आले. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीत ३७९ आणि १६ जीबीत ४२९ डॉलरला जाहीर झाले. एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटीही २९९ आणि ३४९ डॉलर अशा दोन रूपांत आले. नाव एकच, मेमरी मात्र दुप्पट. ऑनलाइन जाहिरातीत ही बाब बारीक अक्षरांत असते आणि खरेदीची खरी चूक इथेच होते.

फक्त ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ १०८० पीवर खेळणाऱ्याला ८ जीबी पुरते. मात्र नवे, मोठ्या बजेटचे गेम उच्च दर्जाच्या टेक्स्चरसह खेळताना ८ जीबी भरून जाते आणि चित्र अडखळू लागते किंवा टेक्स्चर पुसट दिसतात. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि ‘डूम : द डार्क एजेस’ या गेम्सनी रे ट्रेसिंगची सोय असलेले कार्डच बंधनकारक केले आहे. त्यामुळे जीटीएक्स मालिकेतील कार्डे एफपीएस कमी पडल्याने नव्हे, तर ही सोयच नसल्याने बाद होतात. दुसरीकडे, ‘व्हॅलोरंट’मध्ये १४४ एफपीएससाठी रायट गेम्सने सांगितलेले कार्ड आहे जीटीएक्स १०५० टीआय, म्हणजे २०१६ मधले. कोणता गेम खेळायचा आहे, हे ठरल्याशिवाय कोणते कार्ड हवे, हे ठरतच नाही.

पैसे न घालता पीसी वेगवान होऊ शकतो का?

अनेक घरांत महागडे भाग अर्ध्या क्षमतेने चालत असतात. नव्या खरेदीआधी पाच गोष्टी तपासायला हव्यात.

एक, मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावलेली आहे का? मदरबोर्डच्या पोर्टला लावली असेल तर कार्ड असूनही त्याचा नीट उपयोग होत नाही. दोन, मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोजच्या सेटिंगमध्ये तो ६० हर्ट्झवर नाही ना? ६० हर्ट्झला नवे चित्र दर १६.७ मिलिसेकंदांनी येते, १४४ ला दर ६.९ मिलिसेकंदांनी. हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. तीन, बायोसमध्ये रॅमचे एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल सुरू आहे का? ते बंद असेल तर ६००० च्या वेगाची म्हणून घेतलेली डीडीआर५ रॅम बहुधा ४८०० सारख्या मूळ वेगावरच चालते. चार, रॅमची एकच पट्टी आहे की दोन? १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या प्रोसेसरला दुप्पट रुंद रस्ता देतात. पाच, कॅबिनेटमधील धूळ. उन्हाळ्यात ४० अंशांपुढे जाणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यात धुळीने बुजलेला पंखा म्हणजे तापलेले आणि स्वतःहून वेग कमी करणारे कार्ड.

वीज आणि एसएमपीएसचे काय?

बजेट ताणले गेले की कात्री लागते ती एसएमपीएसला, कारण तो कॅबिनेटमध्ये दिसत नाही. पण निकृष्ट एसएमपीएस बिघडताना मदरबोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जाऊ शकतो. आरटीएक्स ५०६० ची वीजमर्यादा १४५ वॉट आहे, तर आरटीएक्स ५०९० ची ५७५ वॉट. त्याच्यासाठी एनव्हिडिया १,००० वॉटचा एसएमपीएस सुचवते. खेळताना संपूर्ण पीसी ५०० वॉट घेत असेल आणि रोज चार तास खेळ होत असेल, तर दिवसाला २ आणि महिन्याला ६० युनिट होतात. युनिटमागे १० रुपये धरले तरी महिना ६०० रुपये, वर्षाला ७,२०० रुपये. हा खर्च बेंचमार्कच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. घरात बिल भरणाऱ्याला मात्र तो लगेच दिसतो.

जिथे वीज वारंवार जाते तिथे यूपीएसचाही विचार करावा लागतो. साधा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटपर्यंतच भार पेलतो. कार्ड मोठे घेतले की गेम रंगात असताना वीज गेल्यावर यूपीएसच बंद पडतो.

जुने सुटे भाग घ्यावेत का?

नव्या वस्तू महागल्या की जुन्या बाजाराला तेजी येते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत आणि ऑनलाइन गटांत वापरलेली कार्डे मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाल्यानंतर अशी कार्डे मोठ्या प्रमाणावर विक्रीला आली होती. मायनिंगमध्ये वापरलेले प्रत्येक कार्ड खराब असतेच असे नाही. पण ते महिनोन्‌महिने अखंड चाललेले असते. म्हणून मूळ बिल, सीरियल नंबर आणि भारतातील वॉरंटी तपासणे, समोर अर्धा तास गेम चालवून तापमान पाहणे आणि आगाऊ रक्कम न पाठवणे ही किमान काळजी. परदेशातून आणलेल्या स्वस्त मालाला इथे वॉरंटी मिळेलच असे नाही. रॅममध्ये जोखीम तुलनेने कमी, मात्र डीडीआर४ ची पट्टी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही, हे साधे वास्तव विसरून झालेली खरेदी परत करताना नाकीनऊ येतात.

मग थांबावे की घ्यावे?

ज्यांच्याकडे एएमडीचा एएम४ किंवा इंटेलचा डीडीआर४ वर चालणारा बोर्ड आहे, त्यांच्यासाठी नव्या प्लॅटफॉर्मवर उडी मारणे सध्या सर्वांत महागडा पर्याय आहे. एएम५ घ्यायचे म्हणजे प्रोसेसर, मदरबोर्ड आणि डीडीआर५ रॅम असे तिन्ही एकदम. त्याऐवजी जुन्याच बोर्डवर बसणारा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर किंवा केवळ नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन हातातील रॅम आणखी दोन-तीन वर्षे वापरता येते.

पूर्णपणे नवा पीसी घेणाऱ्याने १६ जीबीची एक पट्टी घेऊन दुसरी नंतर बसवायची, हा मार्ग बरेच जण सुचवतात. पैसे वाचतात, पण तोवर कामगिरीत तूट सोसावी लागते आणि दुसरी पट्टी तंतोतंत जुळेल याची हमी नसते. त्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या आणि चार खाचांचा बोर्ड, हा अनेकांना परवडणारा मधला मार्ग आहे. अभियांत्रिकी किंवा डिझाइनच्या अभ्यासासाठी आजच संगणक हवा असलेल्या विद्यार्थ्याने दर उतरण्याची वाट पाहण्यात वर्ष घालवू नये. त्याच्यासाठी पीसी हा खेळाइतकाच कामाचा आहे. मात्र लॅपटॉप घेणार असेल तर रॅम बोर्डला जोडलेली आहे की बदलता येते, हे आधी विचारावे. जोडलेली असेल तर पुढे वाढवण्याची सोयच उरत नाही.

दर केव्हा उतरतील? मायक्रॉनने मेमरीचा तुटवडा २०२६ नंतरही राहील, असे गुंतवणूकदारांना सांगितले आहे. कंपनीच्या अमेरिकेतील आयडाहो येथील नव्या कारखान्यातून पहिले वेफर २०२७ च्या मध्याच्या सुमारास अपेक्षित आहेत. एआयवरील खर्च आटला तर चित्र त्याआधीही पालटू शकते. मेमरीच्या बाजारात तेजीनंतर मंदी आल्याचे २०२२-२३ मध्ये दिसलेच आहे. पण त्या भरवशावर आजचे बजेट आखता येत नाही. तोवर ज्याच्या पीसीवर त्याचे आवडते गेम सुरळीत चालत आहेत, त्याने इतरांचे आकडे पाहून खिशाला हात घालण्याची गरज नाही. आणि ज्याचे अडते आहे, त्याने आधी अडथळा शोधावा, मग भाग निवडावा आणि शेवटी ब्रँड.